पूर्वजांची कथा आणि दप्तरातील कागद
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावाला पूर्वजांची आठवण होते. जुनी फरशी उचलली जाते आणि घराघरांतून कथा बाहेर पडतात. कोणी सांगतो, आमचा मूळपुरुष पानिपतावर पडला. कोणी सांगतो, सभामंडप आमच्या खापरपणजोबांनी बांधला. एकाच मंडपावर दोन घरे हक्क सांगू लागली म्हणजे प्रश्न उभा राहतो, दगडावर नाव कोणाचे कोरावयाचे?

अशी कथा खोटी म्हणून टाकू नये आणि खरी म्हणून एकदम कोरूही नये. ती तपासावी. पहिली तपासणी साध्या हिशेबाची. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. पंचवीस-तीस वर्षांची पिढी धरली तर आजपर्यंत नऊ-दहा पिढ्या होतात. वंशावळीत पाचच नावे असतील तर मधली नावे गळाली असावीत, किंवा मूळपुरुष नंतरचा असावा. दुसरी गोष्ट आडनावाची. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही हुद्द्यांची नावे. गावावरून पडलेलीही पुष्कळ. आडनाव एक म्हणून रक्त एक होत नाही.

यानंतर कागद. शोध आजपासून मागे न्यावा. तहसील कचेरीत अर्ज केला असता जुने फेरफार व कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी यांच्या नकला, दप्तर शिल्लक असेल तर, मिळतात. घरच्या वंशावळीत लेकीसुनांची नावे क्वचितच असतात; वारसाच्या फेरफारात पुष्कळदा ती भेटतात. त्याहून मागे जाण्यास त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेस गेलेल्यांची नावे, गाव व वाडवडील तेथे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले असतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कोट्यवधी कागद आहेत. मात्र कागदही डोळे मिटून मानू नये. इनाम टिकविण्यासाठी दिलेल्या कैफियतीत घराण्याची थोरवी फुगविण्याचा मोह असतोच. एका कागदाला दुसऱ्याची साक्ष हवी.

तपासाने थोरवी जाते, ही भीती व्यर्थ आहे. तानाजी मालुसरे १६७० साली धारातीर्थी पडले म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे सर्वत्र सांगतात. परंतु शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रातच सिंहगड हे नाव आहे. यामुळे तानाजींचा पराक्रम तिळभर तरी उणा झाला काय?

शोधात कदाचित सरदार सापडणार नाही. देवाच्या दिवाबत्तीसाठी जमिनीचा तुकडा देणारा शेतकरी सापडेल, पालखीचा भोई सापडेल. तोही पूर्वजच, त्याचे नाव घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

ही स्मरणिका शंभर वर्षांनी कोणाच्या तरी हाती पुरावा म्हणून पडेल. म्हणून ज्यास कागद आहे ते तसे छापावे. ज्यास नाही त्यापुढे 'घरात सांगतात' एवढे दोन शब्द घालावेत. मंडपाच्या दगडावर, खात्री होईपर्यंत, 'समस्त ग्रामस्थ' असेच कोरावे. त्यात दोन्ही घरे आली, आणि ज्यांचे नाव कोणासच ठाऊक नाही असे पाथरवट, सुतार व मजूरही आले. ग्रामदेवता सर्वांस सुबुद्धी देवो.