शाळा कोणी बुडवली?

आज बी.एड.ची पदवी घेऊन बसलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

मुलगा वर्गात दिसला नाही की आपण म्हणतो, यानं शाळा बुडवली. बुडवणारा कायम मुलगाच. माझी उमेदीची वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला गेली. तिथे मला कळलं की शाळा सरकारही बुडवतं. अक्षरशः, पाण्यात.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९७९ साली नर्मदा पाणीतंटा लवादानं निवाडा दिला, तेव्हा पुनर्वसनाचा हिशेबही लिहून दिला होता : दर शंभर कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा, खोल्या तीन. खोल्यांचा आकडा आहे. मुलांशी त्यांच्या पावरी बोलीत बोलणारा गुरुजी कुठून आणायचा, याबद्दल अवाक्षर नाही. असो, निवाडे खोल्याच मोजू शकतात.

तळोद्याकडे पुनर्वसनाच्या वसाहती वसू लागल्या तेव्हाची, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नंदुरबार जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही सगळे धुळ्यातच होतो. एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. जूनचा पहिला पंधरवडा. डोंगरातून उठून आलेला एक बाप मुलाला घेऊन ऑफिसच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. मी त्याला अरेतुरे करत होतो, हेही सांगून टाकतो. तेव्हा आम्ही सगळेच करायचो. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असेल. तो पायरीवर बसून चिंचोका दगडावर घासत होता, आणि मध्येच तो गालाला लावून किती तापला ते बघत होता.

मी जन्मतारीख विचारली. बाप हसला. तिथे अडलं नाही. १ जून लिहायची आपली जुनी रीत आहे. गावोगावच्या हेडमास्तरांच्या कृपेनं निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. अडलं ते दाखल्यावर. आधीच्या शाळेचा दाखला आण, म्हटलं. त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात घडी घातलेला एकच कागद होता, बुडणाऱ्या घराच्या पाहणीचा. त्यावर शिक्का होता, सही होती. त्याला वाटलं, सरकारी कागद तो सरकारी कागद.

मी तो परत केला. "हा नाही. शाळेचा."

"गुरुजी, शाळा होती. गुरुजी नव्हते."

हे खरं होतं आणि मला ठाऊक होतं. त्या गावांतल्या कितीतरी शाळा कागदावरच भरायच्या. पगार निघायचा, गुरुजी घरून निघायचे नाहीत. तरीही मी म्हटलं, दाखला आण, मग बघू. ते दोघं गेले. परत आले नाहीत. त्या मुलाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. चिंचोका पायरीवरच राहिला होता.

त्याच सुमाराला, त्याच नदीकाठी, लोकांनी नर्मदा बचाव आंदोलनाबरोबर स्वतःच्या शाळा काढल्या होत्या. चिमलखेडी, निमगव्हाण. नाव ठेवलं जीवनशाळा. कुडाच्या भिंती, निवासी मुलं, शिकवायला त्याच डोंगरातली शिकलेली पोरं. मुलाच्या बोलीतून सुरुवात, मग मराठी. पाणी चढलं की शाळा वर सरकायची. धरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, मी इथे त्याचा निवाडा करायला आलेलो नाही. पण त्या शाळांनी येणाऱ्या मुलाला आधी आत घेतलं. माझ्या पक्क्या इमारतीला, जिला पाण्याचं भय नव्हतं, तेवढं जमलं नाही.

त्या बाप-लेकांसाठी जगाच्या कायद्यात काय होतं? सरहद्द ओलांडून पळालेल्या माणसाला निर्वासित म्हणतात आणि त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. आपल्याच देशात घर गमावलेल्याला तो लागू होत नाही. त्याच्यासाठी १९९८ साली, सुदानचे मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांच्या पुढाकारानं, संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आली. तेविसावं तत्त्व शिक्षणाचं : प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं, आणि मुलाची भाषा, संस्कृती सांभाळून. बंधन मात्र कोणावरच नाही. २०२४ अखेर जगात असे ८ कोटी ३४ लाख लोक मोजले गेले. त्यात युद्ध, हिंसाचार आणि आपत्तीनं उठलेले आहेत. धरणानं उठवलेले त्या आकड्यात धरतच नाहीत. आमचा चिंचोकेवाला त्या बेरजेतही नाही.

आपल्याकडे मात्र कायदा आहे. शिक्षणहक्क कायद्याचं पाचवं कलम तुम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं असेल, ते पुन्हा काढून वाचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही. वयाचा पुरावा नसला तरी नाकारता येत नाही, ते चौदाव्यात आहे. कायदा २०१० च्या एप्रिलमध्ये लागू झाला. आमच्या प्रशिक्षणात साहेबांनी हे कलम वाचून दाखवलं, तेव्हा शेजारचे मुख्याध्यापक माझ्या कानात म्हणाले, "म्हणजे आता कोणालाही घ्यायचं?" मी मान हलवली. अठरा वर्षं उशिरा.

आता दाखल्याच्या जोडीला आधार आलं, पोर्टल आलं. आधार जुळलं नाही तर मूल शिक्षकपदांच्या संचमान्यतेत धरलं जात नाही, आणि मूल धरलं नाही तर शिक्षकाचं पद हलतं. तुमच्या पोटाचा प्रश्न त्या पोराच्या कागदाला बांधलेला असेल. माझा तसा बांधलेला नव्हता, म्हणून तुम्हाला उपदेश करताना माझी जीभ जरा अडखळते. आणि गंमत बघा, आपलं राज्य त्याच कुटुंबाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला देतं, नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षणही देतं. म्हणजे विस्थापित असल्याचा दाखला आहे, पण नोकरीपर्यंत पोचायला आधी शाळेचा दाखला हवा.

तुमच्याकडे ती माणसं जूनमध्येच येतील. धरणाची असतील, वाघाच्या जंगलातून उठवलेली असतील, दरड कोसळलेल्या गावाची असतील. आधी त्यांना बसायला खुर्ची द्या. मग जनरल रजिस्टर उघडा. त्यात 'मागील शाळा' असा एक रकाना असतो, आणि अशा मुलापुढे तिथे रेघ मारायची पद्धत आहे. रेघ मारू नका. बापाला गावाचं नाव विचारा, ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा विचारून घ्या, आणि ते पूर्ण लिहा, गाव पाण्याखाली असलं तरी.