लेथवरचं चिमणीचं घरटं

पूर्णा परिसरातल्या आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी बोलणार आहोत लाकडी घरट्यांबद्दल. दाराच्या तोरणात, पाळण्यावर टांगायची, मुठीत मावतील एवढी शोभेची घरटी.

हे काम आपल्याला परकं नाही. लाटणं, रवी, भोवरा, पाळण्याचे पाय हे सगळं कातीव काम. लाकूड गरगर फिरवायचं आणि हत्याराने कातायचं. सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. शेजारच्या कर्नाटकात चन्नपट्टणला तर बायाही लेथवर बसून खेळणी करतात. त्यामुळे ‘बाईला लेथ कशाला?’ असं कुणी म्हणालं, तर चन्नपट्टणचं नाव सांगा.

लाकूड सुताराकडचे उरलेले सागाचे तुकडे चालतात. लाकूड वाळलेलं हवं. ओलं कातलं की पुढे तडकतं. चार सेंटिमीटर जाड आणि दहा सेंटिमीटर लांब चौकोनी तुकडा घ्या. दोन्ही टोकांना कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघा मारा. रेघा मिळतात तो मध्य. तिथेच तुकडा लेथवर पकडायचा. आधी कमी वेगात गोल पटाशीने कोपरे उतरवा, मग पोटाला गोलाई द्या. छप्पर वेगळ्या तुकड्याचं, टोपीसारखं, पोटापेक्षा थोडं रुंद. पोटात आठ मिलिमीटरचं भोक पाडलं की झालं दार. त्याखाली बांबूची बारीक काडी बसवली की चिमणीची बैठक. आतून पोकळ करायची गरज नाही.

रंगासाठी लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. वरून केवड्याचं पान दाबून फिरवलं की चकाकी येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बायांनो. लेथ पदर ओळखत नाही. पदर, ओढणी, वेणी, लांब मंगळसूत्र यातलं काहीही फिरत्या लाकडात अडकलं, तर मोटार थांबेपर्यंत माणूस ओढला जातो. म्हणून साडीवर अंगासरशी बसणारा शर्ट घाला, पदर आत खोचा, केस बांधून रुमालाखाली घ्या. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. कुणी ‘सवाष्णीचा हात रिकामा’ म्हणालं, तरी कामापुरत्या काढा. हात शाबूत राहिला तर बांगड्या संध्याकाळी परत घालता येतात. हातमोजे मात्र घालू नका, तेही अडकतात. डोळ्याला चष्मा, नाकाला रुमाल हवा. बटण दाबण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघा. पॉलिश पेपर लावताना हत्याराचा टेकू काढून ठेवा.

मग भावाचा हिशेब. समजा, दिवसात बारा घरटी झाली आणि तुमची मजुरी तीनशे रुपये धरली, तर एका नगाला पंचवीस रुपये मजुरीच झाली. लाकूड, लाख, दोरी, वीज यांचे दहा धरले तर पस्तीस. व्यापारी तीस म्हणाला, तर तो तुमच्या घामातले पाच रुपये मागतोय. नांदेड, परभणी, हिंगोली या तिन्ही बाजूंना पूर्णेहून रेल्वे जाते. एकाच गिऱ्हाइकावर अडून राहू नका.

पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. तिच्यातल्या 18 व्यवसायांत सुतार आहेत, पारंपरिक खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत मिळतं. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते, पण एका कुटुंबातून एकाचीच. घरी बसून शांतपणे ठरवा. लेथवर ती उभी राहत असेल, तर नाव तिचंच लागलं पाहिजे.

आणि एक. ही घरटी शोभेची. अंगणातल्या खऱ्या चिमणीला मोठी पेटी लागते, दार सुमारे 32 मिलिमीटरचं. 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. त्याची सुरुवात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने झाली. शोभेच्या दहा घरट्यांमागे एक खरं घरटं करा आणि शाळेच्या भिंतीला लावा.

शंका असतील तर गटाच्या बैठकीत विचारा.