शेजारी ठेवलेली पुस्तकं

पुस्तकांच्या कपाटात कोण कुणाशेजारी बसतं, यावर आज थोडं बोलायचं आहे. ग्रंथालयात कादंबऱ्या एका कपाटात, ललित लेख दुसऱ्यात आणि निसर्गविषयक पुस्तकं पार कोपऱ्यात. शोधायला सोय होते, तक्रार नाही. पण कादंबरीचा वाचक त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही, हेही खरं.

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो आणि दोन पुस्तकं जोडीनं वाचतो. पहिली जोडी होती माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि गोनीदांची ‘पडघवली’. दोन्ही १९५५ची. एक माणदेशातल्या धनगरांची वाडी, दुसरं कोकणातलं गाव. दोन्हीकडे शेवटी माणसं निघून जातात. बनगरवाडीत पाऊस पाठ फिरवतो आणि मेंढरांमागे माणसं वाट धरतात. इथे निसर्गच नाती विस्कटतो. पडघवलीत पाऊस धो धो आहे, माड-पोफळी आहेत. पण भाऊबंदकी आणि शहराची ओढ घरं ओस पाडते, आणि मग झाडांकडे बघायला कुणी उरत नाही. एकेकटी वाचली तेव्हा मला दोन्ही फक्त उदास वाटली होती. शेजारी ठेवल्यावर ती एकमेकींना प्रश्न विचारू लागली.

नंतर आम्ही विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ घेतली. धरणग्रस्तांची ही कादंबरी, १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. जोडीला मी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ सुचवलं. १९५६चं पुस्तक, चैत्र-वैशाखापासून एकेका महिन्यावर लेख. आमच्यातल्या एक बाई चिडल्याच. त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. “घरदार बुडालं त्यांच्यापुढे फुलं-पानं काय ठेवता?” म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या महिन्यात मात्र त्या वही घेऊन आल्या. ‘ऋतुचक्र’ वाचता वाचता त्यांनी महिन्यांप्रमाणे आपल्या गावची झाडं लिहून काढली होती. कुठला आंबा आधी मोहरायचा, करवंदं कुठल्या बांधावर, शेवरी कधी फुलायची. बुडालेल्या झाडांची ती यादी त्यांनी वाचली आणि त्या दिवशी चर्चा झालीच नाही.

मग इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. महाभारतातल्या व्यक्तींवरचं पुस्तक म्हणून आपण ते ओळखतो, पण त्यातला ‘मयसभा’ हा लेख खांडववन जाळण्याबद्दल आहे. अर्जुन आणि कृष्ण रान पेटवतात आणि जीव घेऊन पळणाऱ्यांना आत लोटतात. लहानपणी आपण हा पराक्रम म्हणून ऐकतो. इरावतीबाई तिथे थांबतात आणि एवढी हत्या कशासाठी, असं विचारतात. वस्तीला जमीन हवी होती, हे त्यांचं उत्तर ‘झाडाझडती’नंतर वाचलं की अंगावर येतं. निदान आमच्या तरी आलं.

याच धाग्यावर बिभूतिभूषण बंदोपाध्यायांची ‘आरण्यक’ ओवता येते. मूळ बंगाली, १९३९ची. जंगलावर जीव जडलेला माणूसच जमीनदारीचा व्यवस्थापक म्हणून ते जंगल तुकड्या-तुकड्यांनी कुळांना वाटतो. त्यात खलनायक नाही, म्हणून ती जास्त छळते. आणि कुळांनाही पोट आहेच की!

एका पुस्तकाची जागा अजून ठरलेली नाही. माडगूळकरांचं ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळीची गोष्ट. नवा नर टोळी जिंकतो आणि अंगावरची पिल्लं मारतो. अभ्यासकांनी हे प्रत्यक्ष नोंदलेलं आहे. १९६०च्या दशकात सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानं आपल्या धारवाडजवळच. आमच्यातले दोघे म्हणतात, हे प्राण्यांच्या कपाटात राहू द्या. मी ते ‘युगान्त’शेजारी ठेवायचं म्हणतो. पुढच्या बैठकीत पुन्हा भांडण आहे.