खडीचं विरजण

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘परसातलं अ‍ॅक्वापोनिक्स’. खरं म्हणजे आरोपीलाच भाषणाला उभं केलंय. तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत ‘ऐनवेळच्या विषयां’त माझी टाकी निघाली होती. प्रश्न दोन होते. बीड बायपासच्या अलीकडे-पलीकडे माणसांना टँकर घ्यावा लागतो आणि हे गृहस्थ मासे पाळतात, हे बरोबर आहे का? आणि त्या टाकीमुळे डास वाढतात का? तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आज नोंदींची वही घेऊन आलोय.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. टाकीत मासे. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया येतो, तो माशांनाच विषारी. हे पाणी पंपाने वर खडीच्या वाफ्यात चढवायचं. खडीवर दोन प्रकारचे जिवाणू वस्ती करतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. झाडं ते उचलतात आणि स्वच्छ झालेलं पाणी उताराने परत टाकीत पडतं. माती नाही, युरिया नाही. एकच पाणी फिरत राहतं. अमेरिकेतल्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात 1980 नंतर यावर बरंच काम झालं, पण पाणी एकदा वापरून सोडून न देणं आपल्या गावाला नवीन नाही. पाणचक्कीला डोंगरातून खापराच्या नळांनी आलेलं पाणी दळणही दळायचं आणि हौदातले मासेही जगवायचं. लहानपणी आपण सगळ्यांनी तिथे मासे बघितलेत.

आता माझी मांडणी. 500 लिटरची टाकी. निळा प्लास्टिकचा ड्रम उभा चिरून केलेले दोन वाफे, विटांच्या ओट्यावर, टाकीपेक्षा उंच. कारंज्याला वापरतात तसला छोटा पंप आणि टायमर. पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद. बंद असताना पाणी उतरतं आणि मुळांना हवा मिळते. टाकी काळी होती, ती उन्हाने तापायची. बाहेरून पांढरा रंग दिला आणि वर हिरवी शेडनेट बांधली. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, त्यामुळे आपल्या मे महिन्यात सावली नसेल तर या भानगडीत पडूच नका.

खडी आपली नेहमीची काळी, बांधकामाची, अर्धा ते पाऊण इंची. त्यातले पांढरे खडे मात्र वेचून काढा. आपल्या काळ्या दगडात मधे मधे पांढरे स्फटिक असतात, त्यातले काही चुन्याच्या जातीचे. व्हिनेगरचे दोन थेंब टाकून फसफसलं, तर तो खडा बाद. तो पाणी आणखी क्षारी करतो आणि आपल्या बोअरचं पाणी आधीच जड आहे. जड पाण्यात झाडांना लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. त्यावर कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणून चिमूटभर टाकायचं, आणि पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरून मिसळायचं.

मासे कुठले? मी कोई कार्प आणले, शोभेचे. आमच्या घरात मासे खात नाहीत, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. ज्यांना खायचे असतील त्यांनी आधी मत्स्यव्यवसाय विभागात चौकशी करावी. आफ्रिकन मांगूरला देशात बंदी आहे आणि तिलापियाला शासनाचे नियम आहेत. बाजारात मिळतो म्हणून आणला, असं करू नका.

सगळ्यात कठीण काम म्हणजे थांबणं. जिवाणूंची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्यांदा चारच मासे सोडले, दिवसाआड चिमूटभर खाद्य. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात थेंब टाकून पाणी तपासायचा किट मिळतो, त्यावर रोज आकडे लिहिले. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट इतकं चढलं की रोज थोडं पाणी काढून आंब्याला घालावं लागलं. सौ. म्हणाली, ‘‘भाजी मंडईत वीस रुपयांना मिळते.’’ सहाव्या आठवड्यात आकडे शून्यावर आले. मग बारा मासे आणखी आणले. मासे बोटाएवढे होते तोवर एकच वाफा लावला. खाणारी तोंडं लहान, तर खतही थोडंच. ते वाढले तसा दुसरा वाफा. पालक, पुदिना, चुका, तुळस उत्तम येतात. टोमॅटोला यातलं खत पुरत नाही, तो कुंडीतच बरा.

आता जे घडलं ते सांगतो, कारण नुसतं यश सांगितलं तर तुम्ही फसाल.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही लग्नाला चार दिवस गावाला गेलो. परत आलो तेव्हा टाकी अर्ध्याच्या खाली. त्याच संध्याकाळी टँकर आला. घाई होती, मी टँकरचा पाइप सरळ माशांच्या टाकीत सोडला. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते आपल्या आरोग्यासाठीच घालतात. त्यात टँकरवाल्याचा काही दोष नाही. पाणी पसरट भांड्यात एक-दोन दिवस उघडं ठेवून मगच घालायचं, हे मला माहीत होतं. सकाळी सोळापैकी अकरा मासे वर तरंगत होते. माझ्या नातीने प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. ती काही बोलली नाही, एकेक मासा ओळखून मोजत राहिली. ते मी विसरलो नाही.

मासेच गेले असते तर एकवेळ ठीक. पण क्लोरीनने खडीवरचे जिवाणूही मारले. उरलेल्या पाच माशांच्या पाण्यात दोन दिवसांत अमोनिया चढला. पुन्हा सहा आठवडे थांबलो असतो, तर ते पाचही जगले नसते.

तेव्हा आठवलं, की वर्षापूर्वी मागच्या गल्लीतल्या आपल्या एका सभासदांनी माझ्याकडून बादलीभर ओली खडी नेली होती, त्यांच्या वाफ्याची सुरुवात लवकर व्हावी म्हणून. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी त्यांच्या वाफ्यातली बादलीभर खडी मला दिली. माझ्याच खडीवरची वस्ती, त्यांच्या घरी वाढलेली. आठवड्याभरात अमोनिया उतरला. पाचही मासे आज जिवंत आहेत. शेजारणीकडे विरजण मागायला जातात, तसंच हे. आपलं दही बिघडलं तर बिघडलं, दिलेलं विरजण गल्लीत कुठेतरी असतं.

आता सभेच्या दोन प्रश्नांची उत्तरं. पहिलं, डास. मासे अळ्या खातात, आणि वाफ्यातलं पाणी खडीच्या इंचभर खालीच ठेवतो, उघडं पाणी कुठे राहत नाही. टाकीत अळी सापडली तर मला हाक मारा. दुसरं, पाणी. वहीप्रमाणे मे महिन्यात रोज पंधरा लिटरची एक बादली, थंडीत चार दिवसांना एक. पूर्वी तेवढ्याच पालकाच्या वाफ्याला मी उन्हाळ्यात रोज तीन बादल्या घालायचो. म्हणजे पाणी लागतच नाही असं नाही. तिसरा हिस्सा लागतं. ज्यांच्या घरी प्यायच्या पाण्याची ओढाताण आहे, त्यांनी उन्हाळ्यात हे सुरू करू नये. पावसाळ्यात करावं.

दोन सूचना आणखी. फ्लॅटवाल्यांनी गच्चीवर मांडायच्या आधी इंजिनियरला विचारावं. पाणी आणि खडी मिळून माझ्या मांडणीचं वजन जवळपास एक टन आहे. आणि वीज गेली की माशांना घुसमट होते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात हवाच. पहाटे मासे वर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर समजा प्राणवायू कमी पडतोय.

हिशेब सांगू? पैसे सुटत नाहीत. घरचा पालक मिळतो, नात संध्याकाळी फोन ठेवून टाकीपाशी बसते, आणि पाणी ओतताना माझा हात जरा थांबतो.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी पाऊस पडला की बादली घेऊन माझ्याकडे या. खडी ओलीच न्यायची, उन्हात ठेवायची नाही, त्याच दिवशी वाफ्यात घालायची. मोबदला एवढाच, की कधी माझं विरजण मोडलं तर दार उघडा.