अन्न अंगी लागते म्हणजे काय?



“खाल्लेले अंगी लागत नाही” ही तक्रार आपल्या घरोघर ऐकू येते. आज आम्ही केवळ लोहापुरते बोलणार आहोत. शरीरातील सुमारे दोन तृतीयांश लोह रक्तातील हिमोग्लोबिनात असते आणि हे हिमोग्लोबिनच प्राणवायू अंगभर पोहोचविते. लोह उणे पडले की थकवा येतो, जिना चढताना धाप लागते. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५७ भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

बाजरीत, हरभऱ्यात लोह असते. परंतु त्यातील थोडेच आतड्यातून रक्तात उतरते. धान्यातील फायटेट त्यास धरून ठेवते, जेवणाबरोबर घेतलेल्या चहातील टॅनिनही तेच करते. लिंबू, आवळा यांतील ‘क’ जीवनसत्त्व मात्र त्याची वाट मोकळी करते. तेव्हा ताटातील लिंबाची फोड शोभेची नव्हे. मोड आणल्यानेही फायटेट घटते. आमच्या आजीस फायटेट ठाऊक नव्हते, पण तिच्या मटकीला मोड सुरेख येत!

खरा प्रश्न वाढण्याचा आहे. मासिक ऋतुस्रावामुळे स्त्रीस पुरुषाहून अधिक लोह लागते, आणि आपल्याकडे तीच सर्वांच्या मागून, तळाशी उरलेल्या आमटीवर जेवते. आज पहिल्या पंगतीस भगिनी बसतील आणि आम्ही पुरुषमंडळी वाढू, अशी अध्यक्षांची अनुज्ञा आम्ही आधीच घेतली आहे.