फर्मा यांचा अंदाज चुकवणारी संख्या

आजची संख्या आहे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. दोनाचा बत्तिसावा घात काढून त्यात एक मिळवला, की ती तयार! फ्रेंच गणिती फर्मा यांना ती मूळ संख्या वाटली. कारण घातांक १, २, ४, ८, १६ घेतले, की येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्याच आहेत. पण १७३२ साली गणिती ऑयलर यांनी दाखवलं, की हिला ६४१ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७. हिच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ने भागा, बाकी १च उरते. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासून झाले, की पुढचा थेट ६४१! ३, ५, १७, २५७... या मालिकेतली सहावी मूळ संख्या आजवर कुणालाही सापडलेली नाही.