कळांपाशी बसण्याचं शिक्षण



राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. मग सुईणीचं व्याख्यान कशाला, असं पत्रिका वाचून काहींच्या मनात आलं असेल. प्रश्न रास्त आहे. पण दवाखान्यातही पहिलटकरणीच्या कळा दहा-बारा तास चालतात. त्यातला डॉक्टरांचा वेळ किती? एखादी तपासणी, आणि शेवटचा अर्धा तास. उरलेले तास ती बाई कुणाच्या हाती असते? बहुतेक ठिकाणी एका सिस्टरच्या, जिला त्याच वेळी शेजारच्या वॉर्डातली सलाइनंही बदलायची असतात. त्या तासांसाठी तयार केलेलं माणूस म्हणजे मिडवाइफ.

ती शिकते काय? पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे, पाठ कुठल्या बाजूला आहे हे ओळखणं. ठोके ऐकणं, आणि कळ ओसरल्यावर ते पूर्ववत होतात का हे पाहणं. पिशवीचं तोंड किती उघडलं, याच्या नोंदी पार्टोग्राफवर मांडणं, म्हणजे अडत चाललेली बाई अडण्याआधी कळते. वार पडल्यावर रक्त किती गेलं याचा अंदाज. आणि सगळ्यात अवघड धडा : सगळं ठीक चाललेलं असताना हात आवरून बसणं. बाईला आडवं न पाडता चालू देणं, उकिडवं बसू देणं, पाणी पिऊ देणं. मी विद्यार्थिनींना शिकवायचे तेव्हा इंजेक्शन महिनाभरात येई. वाट बघायला शिकायला वर्ष जाई. यासाठी विद्यापीठ हवं का? हवं. कारण केव्हा थांबायचं आणि केव्हा धावायचं, हे ठरवायला शरीरशास्त्रही लागतं आणि सराव तर फार मोठा लागतो.

ब्रिटनने हे कसं बसवलं ते पाहण्यासारखं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 1902 साली सुईणींचा कायदा झाला आणि नोंदणी आली. आज तिथे तीन वर्षांची पदवी आहे. आधी नर्स होण्याची सक्ती नाही, बारावीनंतरची मुलगी थेट प्रवेश घेते. अभ्यास सुमारे 4600 तासांचा, त्यातला निम्मा प्रत्यक्ष बायकांसोबत. शंभर गरोदरपणाच्या तपासण्या आणि चाळीस बाळंतपणं तिने देखरेखीखाली स्वतः करायची, असा युरोपातून आलेला दंडक आहे. चाळीस हा आकडा मला अभ्यासक्रमातल्या कुठल्याही पेपरपेक्षा मोलाचा वाटतो. पास झाली की सरळ बाळंतपण ती स्वतःच्या जबाबदारीवर करते. गुंतागुंत दिसली की डॉक्टरला बोलावते, आणि ती ओळखण्याचं ज्ञान तिच्याकडे आहे असं कायदा मानतो.

आपली गोष्ट जुनी आहे आणि जरा अवघडही. गावगाड्यात सुईणपण बहुधा मातंग समाजातल्या बायकांकडे असे. अनुभव पिढ्यांचा, पण काम विटाळाचं मानलेलं. मोबदला सुपातले दाणे, एखादं लुगडं. विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पांढरपेशा घरांतल्या मुलींना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा पुण्यात नाकं मुरडली गेली ती याच विटाळापायी. ज्ञान दवाखान्यात आलं, जुन्या सुईणी मात्र बाहेरच राहिल्या. हे मला आजही सलतं.

स्वातंत्र्यानंतर 1950च्या दशकात ए.एन.एम.चा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. तिचं मुख्य काम बाळंतपण. गावात 'नर्सबाई' म्हणत ती हीच. मग 1973 साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कार्यकर्त्यांची शिफारस केली आणि 1977च्या सुमारास अभ्यासक्रम दीड वर्षावर आला. त्यात लसीकरण, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण, रजिस्टरं शिरली. सगळीच कामं गरजेची, पण बाळंतपणाचा हात मागे पडला. पुढे मुदत पुन्हा दोन वर्षं झाली, तरी हरवलेला हात काही परत आला नाही. दुसरीकडे नर्सिंगचा डिप्लोमा किंवा बी.एस्सी. केलेल्या मुलीची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही होते. कागदावर उत्तम! प्रत्यक्षात प्रसूतिकक्षात सहा महिने, मग हाडांचा वॉर्ड, मग ऑपरेशन थिएटर. विद्यार्थिदशेतही केसबुकातली बाळंतपणं भरायची तर इंटर्न डॉक्टरांशी चढाओढ. पाहिलेलं बाळंतपण केलेलं म्हणून लिहिलं जातं, हे इथे बसलेल्या सिस्टर्सना मी सांगायला नको.

डिसेंबर 2018मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नर्सिंग झालेल्या, दोन वर्षं अनुभव असलेल्या सिस्टरला दीड वर्षाचं प्रशिक्षण : वर्षभर शिक्षण, सहा महिने सराव. पदनाम 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'. याची वाट आधी हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने 2011पासून चालून दाखवली होती. 2017मध्ये तेलंगण सरकारने त्यांना आणि युनिसेफला सोबत घेऊन करीमनगरला सरकारी नर्सेसचं प्रशिक्षण सुरू केलं. 2023च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याच्या नावातच हे दोन व्यवसाय शेजारी शेजारी आले आहेत.

आता स्वतंत्र पदवी हवी अशी मागणी होते. मलाही ती हवी आहे, पण माझ्या मते आधी पद हवं. प्रत्येक मोठ्या प्रसूतिगृहात मिडवाइफची मंजूर जागा, तिथून तिची बदली नाही आणि सरळ बाळंतपणात तिचा शब्द चालेल असा लेखी अधिकार. एवढं नसेल तर पदवी घेतलेली मुलगी विमानात बसेल, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नसेल.

डॉक्टर मंडळी रागावतील, तरी एक आकडा सांगते. सुरुवातीला सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण 14.3 टक्के, तर खासगीत 47.4 टक्के आहे. याचं सगळं खापर मिडवाइफ नसण्यावर फोडता येणार नाही. पैसा आहे, खटल्यांची भीती आहे, मुहूर्त पाहणारी घरंही आहेत. पण दहा तास शांतपणे बसू शकणारं, शिकलेलं माणूसच खोलीत नसेल तर घाई कोण थोपवणार?

तुमच्या घरातली लेक-सून बाळंतपणासाठी नाव घालायला जाईल तेव्हा खोलीचं भाडं विचाराल, पॅकेज विचाराल. त्यासोबत एवढंही विचारा : कळा सुरू झाल्यापासून तिच्याजवळ कोण बसणार आहे, आणि त्या बाईने आजवर स्वतःच्या हातांनी किती बाळंतपणं केली आहेत?